मुआय थाई : रणविद्येचा आखाड्यापर्यंतचा प्रवास

शस्त्रे संग्रहालयात जपून ठेवता येतात. देहात वसलेली विद्या मात्र शिष्य न मिळाल्यास एका पिढीत लोप पावते. थायलंडच्या ‘मुआय थाई’ या द्वंद्वविद्येने शांततेच्या काळात स्वतःस कसे तगविले आणि त्यासाठी कोणते मोल दिले, याचा थोडक्यात परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

पाश्चात्त्य मुष्टियुद्धात केवळ मुठींचा वापर होतो. मुआय थाईत मुठी, कोपर, गुडघे आणि नडग्या, प्रत्येकी दोन, अशी आठ आयुधे मानली जातात. ब्रह्मदेशातील लेथवे आणि कंबोडियातील कुन ख्मेर या तिच्या सख्ख्या बहिणीच होत. मूळ कोणाचे, हा वाद आजही शमलेला नाही. २०२३ साली कंबोडियात झालेल्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत ‘कुन ख्मेर’ या नावाने भरविलेल्या लढतींवर थायलंडने बहिष्कार घातला होता.

या विद्येचा प्राचीन इतिहास सांगताना सावधगिरी बाळगावी लागते. १३५१ साली स्थापन झालेली अयुध्या ही सयामची राजधानी (हे नाव आपल्या अयोध्येवरूनच पडले) १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळून उद्ध्वस्त केली आणि तिच्याबरोबर असंख्य कागदपत्रे नष्ट झाली. मागे उरल्या त्या मुख्यतः आख्यायिका. १७०३ ते १७०९ या काळात राज्य करणारा ‘व्याघ्रराजा’ वेषांतर करून गावच्या जत्रेत मल्लांशी लढे, अशी एक कथा आहे. दुसरी त्याहून प्रसिद्ध. युद्धकैदी नाय खानोम तोम याने १७७४ साली रंगून येथे राजा सिनब्यूशिन याच्यासमोर एकामागून एक नऊ-दहा ब्रह्मी योद्ध्यांस लोळविले व आपली मुक्तता मिळविली, असे ती सांगते. १७ मार्च हा दिवस थायलंडमध्ये त्याच्या नावे पाळला जातो. कथेतील तपशिलांविषयी शंका घेता येईल. परंतु राजधानी गमावलेल्या लोकांनी ती उराशी का धरली, हे समजण्यास अडचण पडू नये.

स्पष्ट इतिहास विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू होतो. राजा चुलालंकर्ण याने आपल्या दिवंगत पुत्राच्या अंत्यविधीनिमित्त झालेल्या लढतींनंतर, १९१० साली, चैया, लोपबुरी आणि कोरात येथील तीन योद्ध्यांस सरदारकीचा किताब दिला. त्याचा पुत्र वजिरावुध याच्या कारकिर्दीत, १९२१ मध्ये, बँकॉकच्या सुवान कुलाप विद्यालयाच्या मैदानावर कायमचा आखाडा उभा राहिला. राजाच्या स्वयंसेवक दलासाठी शस्त्रांचा निधी उभारणे हा त्यामागील हेतू होता. तोवर योद्धे हातांस सुताची दोरी गुंडाळून लढत. छिद्र पाडलेली नारळाची करवंटी पाण्यात सोडीत व ती बुडाली की फेरी संपे; आपल्याकडील लग्नातले घटिकापात्रच म्हणा ना! १९२८ साली एका लढतीत कंबोडियन योद्ध्याचा मृत्यू ओढवला. त्या सुमारास दोरी जाऊन हातमोजे आले. पुढे वजनाचे गट व तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या रूढ झाल्या. १९४५ मध्ये राजदमनर्न आणि १९५६ मध्ये लुम्पिनी ही बँकॉकची दोन प्रसिद्ध क्रीडागृहे सुरू झाली. हातमोज्यांमुळे पकडीचे अनेक जुने डाव मागे पडले. त्या जुन्या पद्धतीस आज ‘मुआय बोरान’ म्हणतात, आणि हे ‘बोरान’ म्हणजे आपले ‘पुराण’च.

नियम बदलले तरी गाभा टिकला. लढतीपूर्वी योद्धा ‘वाय ख्रू’ म्हणजे गुरुवंदना करतो. ‘ख्रू’ हा शब्द ‘गुरु’ पासूनच आलेला. त्याच्या मस्तकावर ‘मोंगखोन’ म्हणजे मंगलसूचक कडे असते. गुरू ते स्वहस्ते उतरवितो आणि मगच लढत सुरू होते. सनई, ढोलकी व झांजा यांची लय लढतीबरोबर चढत जाते. एका डावाचे नाव आहे ‘हनुमान अंगठी अर्पण करतो’. त्यात दोन्ही मुठी एकाच वेळी खालून वर प्रतिस्पर्ध्याच्या हनुवटीकडे झेपावतात. तालमीत मारुतीस नमस्कार करून लाल मातीत उतरणाऱ्यांस हे वातावरण परके वाटणार नाही.

या वैभवाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. ईशान्य थायलंडच्या गरीब शेतकरी कुटुंबांतील मुले सात-आठ वर्षांच्या वयात आखाड्यात उतरतात. बक्षिसाच्या रकमेवर घरचा खर्च चालतो आणि भोवती पैजा लागतात. १९९९ च्या मुष्टियुद्ध कायद्याने पंधरा वर्षांखालील मुलांस पालकांच्या संमतीने लढण्याची वाट मोकळी ठेवली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेरा वर्षांचा एक मुलगा मेंदूतील रक्तस्रावाने दगावला. तोवर तो सुमारे १७० लढती लढला होता. त्यानंतर बालयोद्ध्यांवर बंदी घालावी की नाही, यावर मोठा वाद झाला. बंदी घातल्यास परंपरा मरेल, असे विरोधकांचे म्हणणे होते.

इतिहास या भीतीस दुजोरा देत नाही, असे आम्हांस वाटते. दोरी गेली, करवंटी गेली, तरी परंपरा मेली नाही. लुम्पिनीच्या आखाड्यात स्त्रियांना पाऊल ठेवण्यासही मज्जाव होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथे स्त्रियांची पहिली लढत झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळास पूर्ण मान्यता दिली. प्रत्येक बदलानंतर ही विद्या अधिक दूरवर पोहोचली.

परंपरेत काय टाकावे व काय राखावे, हा प्रश्न घरापासून दूर राहणाऱ्या आपणांसही नित्य पडतो. गुरुवंदना अवश्य राखावी. परंतु वंदन स्वीकारणाऱ्या गुरूवर शिष्याच्या जिवाची जबाबदारी येते, हेही त्या वंदनाइतकेच जुने आहे.