मधुमेहाचं केंद्र: लिस्बन ते सुतारदरा

कोथरूडमध्ये मधुमेहासाठी वेगळं केंद्र हवं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न जागेचा. दुसरा, भूमिपूजन कोणाच्या हस्ते! पण मंडळी, अशी केंद्रं उभी कशी राहिली ते आधी बघू. जागेचं नंतर बोलू.

जानेवारी 1922. टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि मरणाच्या दारातली पोरं जगायला लागली. औषध सापडलं, पण परवडणार कोणाला? पोर्तुगालचे डॉ. अर्नेस्टो रोमा बॉस्टनला जाऊन हे उपचार पाहून आले होते. त्यांनी 1926 मध्ये लिस्बनला संस्था काढली आणि गरिबांना फुकट इन्सुलिन द्यायला सुरुवात केली. शिवाय खायचं काय, किती, हेही तिथेच शिकवायचं. जगातली ही सगळ्यात जुनी मधुमेही संघटना. तिच्या मूळ नावातच 'गरीब मधुमेही' असे शब्द होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इंग्लंडमधली संघटना 1934 ची. ती काढणारे डॉ. लॉरेन्स आणि लेखक एच. जी. वेल्स दोघंही स्वतः मधुमेही.

आपल्याकडे मद्रासच्या स्टॅन्ली रुग्णालयात 1948 साली डॉ. विश्वनाथन यांनी मधुमेहाचा वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मुंबईत 1955 मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया आली.

आणि पुणं? पुण्याने तर जगाला धडा दिलाय, आपल्यालाच त्याची फारशी खबर नाही. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या 6 गावांतल्या बायकांची, त्यांच्या बाळंतपणाची आणि बाळांची नोंद ठेवली. इथलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं 3.5 किलोचं. पण आपल्या बारक्या बाळाच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून! 2003 साली हे छापून आलं. दिसायला बारीक, आतून चरबीचं. 'साखर म्हणजे खात्यापित्या घरचा आजार' ही समजूत इथेच निकालात निघते.

आता कोथरूडकडे या. थोरात उद्यानात सकाळी चालणाऱ्या काकांकडे ग्लुकोमीटर असतो, फॅमिली डॉक्टर असतो, अमेरिकेतून मुलगी फोनवर आकडा विचारते. त्यांचं बरं चाललंय. (काका, रागावू नका.) पण सुतारदऱ्यातून, केळेवाडीतून उतरून चार घरची धुणीभांडी करणारी ताई बारीक असते, म्हणून तिला साखर असेल असं कोणाच्या मनातच येत नाही. तिला कळतं ते पायाची जखम भरत नाही तेव्हा. आयसीएमआरच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे देशात 10 कोटींवर मधुमेही आहेत. त्यांत अशा किती ताया असतील?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. चकचकीत इमारत नको. महापालिकेचा सुतार दवाखाना आहे, ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रं आहेत, तिथल्या दोन खोल्या पुरतात. डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचं यंत्र, पायाची संवेदना तपासायचा साधा नायलॉनचा धागा, लघवीतली प्रथिनं बघायची सोय, आणि भाकरी-भात-चहा यांच्या भाषेत बोलणारी आहारतज्ज्ञ. सगळ्यात आधी एक वही, कोण तपासणीला आलं नाही याची. त्या वहीवरून आशा ताईंनी घरी जाऊन विचारायचं. बॉस्टनच्या डॉ. जोस्लिन यांच्या परिचारिका शंभर वर्षांपूर्वी अशाच रुग्णांच्या घरी जाऊन राहायच्या, शिकवायच्या.

आणि वेळ! सकाळी 9 ते 1 ठेवलीत तर ती ताई तेव्हा कोणाच्या तरी ओट्यापाशी असणार. एचबीएवनसी तपासणीला उपाशीपोटी यावं लागत नाही, संध्याकाळी 7 लाही रक्त देता येतं. नगरसेवक मंडळींना भेटाल तेव्हा जागेचं मागून विचारा, आधी विचारा की केंद्र रात्री 9 पर्यंत उघडं राहील का.