गोवारी वृद्ध आणि गोधनाची सोबत

पाळीव प्राण्याच्या सहवासाने वृद्धांचे एकटेपण हलके होते, हा विचार शहरी वाचकांना कुत्र्या-मांजरांमुळे परिचित आहे. भंडारा जिल्ह्यातील गोवारी समाजात मात्र ही सोबत गाईगुरांची असून ती छंदातून नव्हे, तर परंपरागत व्यवसायातून आलेली आहे.

समाज व परंपरा : गोवारी हा पूर्व विदर्भातील गुरे राखणारा समाज. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ सालच्या ग्रंथातही त्याची नोंद गुराखी म्हणून आढळते. दिवाळीतील गायगोधनाच्या दिवशी ढालपूजनाचा मान याच समाजाचा. अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मृत्युमुखी पडले. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी हा दावा अमान्य केला.

सोबतीचा लाभ : गुरांमुळे वृद्धाला पहाटे उठण्यास कारण मिळते, चालणे होते आणि जाणकार म्हणून गावात मान राहतो. अमेरिकेत एरिका फ्रीडमन व सहकाऱ्यांनी १९८० साली हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राणी पाळणाऱ्या ५३ जणांपैकी ३, तर इतर ३९ जणांपैकी ११ रुग्ण वर्षभरात दगावले होते. पुढील सर्वच अभ्यासांनी यास दुजोरा दिला नाही. त्यामुळे प्राणी हा औषधाला पर्याय ठरत नाही.

घटते गोधन : २०१९च्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश २०१२च्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. शेतीत बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. अशा प्रकल्पाच्या गाभाक्षेत्रात चराईस वाव नसतो. गुरे विकली की घरात पैसा येतो, पण वृद्धाचे काम, फिरणे आणि मान ही तिन्ही एकाच वेळी जातात. या हानीची नोंद कोणत्याही गणनेत होत नाही.

काय करता येईल : वृद्धाला झेपेल अशी एखादी गाय किंवा शेळी राखणे, अवजड कामे तरुणांनी उचलणे आणि गुरे विकण्यापूर्वी वृद्धाचे मत घेणे, एवढे कुटुंबाच्या हाती आहे. ब्रुसेलोसिस टाळण्यासाठी दूध उकळूनच प्यावे. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रेबीजची लस घ्यावी.