निळे सेवामुक्तिपत्र आणि माजी सैनिकांचे हक्क : अमेरिकेतील एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

युद्धाच्या इतिहासात लढाया, सेनानी आणि तह यांना जे स्थान मिळते, ते युद्धावरून परतलेल्या सामान्य सैनिकाच्या कागदपत्रांना क्वचितच लाभते. वस्तुतः त्याचे पुढील आयुष्य बऱ्याच अंशी सेवामुक्तिपत्रातील शब्दांवर अवलंबून असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन भूसेनेने दिलेले ‘ब्लू डिस्चार्ज’ हे याचे ठळक उदाहरण होय. या सेवामुक्तीचे स्वरूप आणि तिचा माजी सैनिकांच्या लाभांवर झालेला परिणाम यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सेवामुक्तीचे स्वरूप :

सन्मानपूर्वक सेवामुक्ती आणि अप्रतिष्ठेची बडतर्फी ही दोन टोके होती. त्यांपैकी बडतर्फीसाठी लष्करी न्यायालयाचा निकाल आवश्यक असे. या दोहोंच्या मध्ये १९१६ साली निळ्या कागदावर छापलेल्या सेवामुक्तिपत्राची भर पडली. अनिष्ट सवयी, स्वभावदोष, अयोग्यता अशा कारणांसाठी ते प्रशासकीय मार्गाने देता येई. त्यासाठी खटला चालविण्याची गरज नसे. हे पत्र सन्मानाचे नव्हते आणि अप्रतिष्ठेचेही नव्हते. हीच संदिग्धता पुढे अनेकांना महागात पडली.

१९४४ चा कायदा आणि त्याचा अर्थ :

२२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘जी. आय. बिल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या कायद्यावर स्वाक्षरी केली. शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शुल्क, अविवाहित विद्यार्थ्यास दरमहा ५० डॉलर निर्वाहभत्ता, घर, शेती वा व्यवसाय यांसाठी कर्जहमी आणि बेकारीच्या काळात ५२ आठवड्यांपर्यंत दर आठवड्यास २० डॉलर अशा तरतुदी त्यात होत्या. ज्यांची सेवामुक्ती अप्रतिष्ठेच्या परिस्थितीत झालेली नाही, ते सर्व पात्र, असे कायद्याचे सूत्र होते.

या सूत्रानुसार निळे पत्रधारक वगळले जाण्याचे कारण नव्हते. परंतु माजी सैनिकांचा कारभार पाहणाऱ्या ‘व्हेटरन्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ने अशा प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र छाननी करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. एप्रिल १९४५ मध्ये तर समलैंगिकतेच्या कारणावरून निळे पत्र मिळालेल्यांना लाभ नाकारण्याचा आदेश निघाला. परिणामी जी शिक्षा कोणत्याही न्यायालयाने दिली नव्हती, ती कार्यालयीन अर्थनिर्णयातून भोगावी लागली.

वर्णभेद आणि विरोध :

१ डिसेंबर १९४१ ते ३० जून १९४५ या काळात भूसेनेने ४८,६०३ निळी पत्रे दिली. त्यांपैकी १०,८०६ म्हणजे सुमारे २२ टक्के पत्रे कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला आली. सैन्यातील त्यांचे प्रमाण मात्र सुमारे ६.५ टक्केच होते. वर्णानुसार विभागलेल्या सैन्यात वरिष्ठ अधिकारी बहुधा गोरे असत. तेव्हा ‘अनिष्ट स्वभाव’ कोणाचा, हे ठरविणाऱ्या नजरेत पूर्वग्रह नसेल, असे म्हणणे कठीण आहे.

ऑक्टोबर १९४५ मध्ये ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने याविरुद्ध मोहीम उघडली. जानेवारी १९४६ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या लष्करी व्यवहार समितीचा अहवाल आला. सैनिकाच्या चारित्र्यावर नैतिक निवाडा देण्याच्या प्रशासनाच्या वृत्तीवर त्यात टीका होती. १९४७ मध्ये निळे पत्र बंद करण्यात आले. त्याच्या जागी ‘जनरल’ आणि ‘अनडिझायरेबल’ असे दोन प्रकार आले. यांपैकी पहिल्या प्रकारात बहुतेक लाभ टिकले; दुसऱ्यात पात्रतेचा प्रश्न पुन्हा प्रशासनाच्या छाननीवरच राहिला.

निष्कर्ष :

निळा रंग गेला, तरी प्रश्न संपला नाही. आजही अमेरिकेत खटल्याविना प्रतिकूल शेऱ्यासह झालेल्या सेवामुक्तीनंतर लाभ मिळावा की नाही, हे माजी सैनिकांचा विभागच ठरवितो. समलैंगिकतेच्या आधारावर लाभ नाकारणारी त्याच्या नियमांतील तरतूद २०२४ मध्ये वगळण्यात आली. कायद्याने दिलेला हक्क त्याच्या अंमलबजावणीत कसा आक्रसतो, याचा हा इतिहास आहे. कल्याणकारी कायद्यांचे मूल्यमापन करताना त्यांच्या कलमांइतकेच, पात्रता ठरविणाऱ्या यंत्रणेचेही परीक्षण करणे अगत्याचे ठरते.