डुंग्याच्या पोटी

काश्मीर करून आलेल्या कुणालाही विचारा, हाउसबोट आली कुठून? उत्तर ठरलेलं असतं. महाराजांनी इंग्रजांना काश्मिरात जमीन घ्यायला बंदी केली. इंग्रज पडले हुशार, त्यांनी पाण्यावरच घरं बांधली. शिकारावाला हेच सांगतो, गाइड हेच सांगतो आणि सहलीहून परतलेले काका सोसायटीच्या गणपतीत हेच सांगतात. गोष्ट चटपटीत आहे, अर्धीमुर्धी खरीही आहे. पण ज्याच्या घरात हे लेकरू जन्मलं, त्या हांजीचा तिच्यात पत्ताच नाही.

हांजी म्हणजे काश्मीरचे नावाडी. ते स्वतःला नूह पैगंबराचे वंशज म्हणवतात. महाप्रलयात ज्यानं जहाज बांधलं त्याच्याशी नातं सांगायचं, तर नावाड्याला याहून मोठं घराणं कुठलं मिळणार? अकबरानं १५८६मध्ये काश्मीर घेतलं, तेव्हा खोऱ्यात तीस हजारांवर नावा होत्या अशी नोंद त्याच्या दरबारातल्या अबुल फझलनं केली आहे. आकडा फुगवलेला असेल, पण त्यामागची गोष्ट खोटी नाही. चाकाच्या गाड्या जातील असे रस्तेच नव्हते. भात, लाकूड, दगड, नवरदेव, प्रेत, सगळं झेलमच्या पाण्यावरून जायचं. हांजींच्या पोटजातीही पाण्यातल्या धंद्यांवरून पडल्या: कुणी सरोवरातल्या तरंगत्या वाफ्यांवर भाजी पिकवणारे, कुणी शिंगाडे काढणारे, कुणी मासे धरणारे, कुणी अवजड मालाच्या नावा हाकणारे. शहरातले लोक त्यांना जरा हलकं लेखत. त्यांच्या बायकांच्या भांडणांबद्दल जुन्या इंग्रज लेखकांनी मजेदार हकिकत लिहून ठेवली आहे: सूर्य मावळेपर्यंत भांडण मिटलं नाही, तर टोपली पालथी घालून ठेवायची आणि सकाळी ती उलटी करून राहिलेलं भांडण पुढे चालू करायचं.

या हांजींपैकी माणसांची ने-आण करणाऱ्यांची नाव म्हणजे डुंगा. लांबी पन्नास-साठ फूट, रुंदी जेमतेम सहा फूट, तळ सपाट, दोन्ही टोकं निमुळती. वर लाकडी सांगाडा आणि त्यावर पाणगवताच्या चटयांचं उतरतं छप्पर. बाजूलाही चटयाच; हव्या तेव्हा गुंडाळून वर बांधायच्या. पुढच्या भागात उतारू, मागच्या भागात हांजीचं बिऱ्हाड: मातीची चूल, भांडीकुंडी, पोरंबाळं, एखादी कोंबडी. डुंगा भाड्यानं घेतला म्हणजे आख्खं कुटुंबच चाकरीला आलं. प्रवाहाविरुद्ध जायचं असलं की बाप आणि थोरली पोरं काठावर उतरून दोरानं नाव ओढत, आणि बायको मागे वल्ह्यानं दिशा सांभाळी. बारामुल्ल्याहून श्रीनगरला यायला असे दोन-तीन दिवस लागत. वाटेत वुलर सरोवर. दुपारनंतर तिथे वारा उठतो, म्हणून हांजी ते सकाळीच ओलांडून घेत.

तेव्हा पाण्यावर राहणं, पाण्यावर रांधणं, पाण्यावर पाहुणा ठेवणं, यातलं काहीही काश्मीरला साहेबानं शिकवलं नाही. साहेब आला तेव्हा हे सगळं चालूच होतं. तो फक्त चटईखाली कंटाळला.

१८४६च्या अमृतसर तहानं इंग्रजांनी काश्मीर पंचाहत्तर लाख नानकशाही रुपयांना जम्मूच्या राजा गुलाबसिंगांना विकलं. विकून झाल्यावर साहेबाच्या लक्षात आलं, की पंजाबच्या उन्हाळ्यातून पळून जायला याहून चांगली जागा नाही. लष्करी अधिकारी सुट्टी घेऊन येऊ लागले. दरबाराला हे पाहुणे हवेही होते आणि नकोही. उन्हाळा काढा, पण हिवाळ्याआधी निघा, असा नियम होता. झेलमच्या काठी मुन्शी बागेत कुटुंबवत्सल साहेबांसाठी दरबारानं बंगले बांधून दिले. चिनार बागेत सड्याफटिंगांनी तंबू ठोकायचे. बाहेरच्याला जमीन द्यायची नाही हे धोरण होतंच. मात्र ज्या कायद्याचा आज हाउसबोटीच्या संदर्भात सर्रास हवाला दिला जातो, तो ‘राज्याचे प्रजाजन’ कोण हे ठरवणारा हुकूम महाराजा हरिसिंगांच्या काळातला, १९२७चा. तोवर हाउसबोटी चाळीस वर्षांच्या झाल्या होत्या. आणि खरं सांगायचं, तर वर्षातून तीन महिने सुट्टीवर येणाऱ्या कप्तानाला जमीन हवी होती कशाला? त्याला हवं होतं कोरडं छप्पर, उभं राहता येईल अशी खोली, आणि गर्दी झाली की जागा बदलायची सोय.

ती सोय कुणी केली, याबद्दल दोन नावं घेतली जातात. इंग्रजी पुस्तकं श्रेय देतात केनार्ड नावाच्या साहेबाला, १८८०च्या दशकात. श्रीनगरात मात्र पंडित नारायणदास रैनांचं नाव निघतं. साहेबांना लागणाऱ्या मालाचं त्यांचं दुकान होतं. ते आगीत जळालं, म्हणून उरलासुरला माल त्यांनी एका डुंग्यात हलवला. चटयांतून पाणी गळतं म्हणून फळ्यांच्या भिंती ठोकल्या, छप्परही लाकडाचं केलं. हे तरंगतं दुकान कुणा गोऱ्याच्या डोळ्यांत भरलं, त्यानं ते विकत मागितलं, आणि पंडितजींना कळलं की किराण्यापेक्षा नावेत जास्त पैसा आहे. त्यांनी एकामागून एक बोटी बांधल्या आणि लोक त्यांना ‘नाव नारायण’ म्हणू लागले. काश्मिरी शैवदर्शनाचे विसाव्या शतकातले थोर आचार्य स्वामी लक्ष्मणजू हे या नारायणदासांचे चिरंजीव. बापानं नावा बांधल्या, मुलानं भवसागराचं पाहिलं, असा विनोद तिथे कुणी केला नसेल तर आश्चर्य आहे.

केनार्ड की नारायणदास, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. त्याच सुमारास इंग्लंडात थेम्स नदीवर हाउसबोटींची टूम निघाली होती. बोटींच्या शर्यती पाहायला श्रीमंत मंडळी सजवलेल्या बोटी नांगरून आठवडाभर मुक्काम ठोकत. ते चित्र डोक्यात असलेला साहेब, धंद्याची नजर असलेला पंडित, काश्मिरी सुतार आणि नावेवर जन्म काढलेला हांजी एका नदीवर एकत्र आले. कल्पना कुणाचीही असो, ती तरंगली ती डुंग्याच्या तळावर.

हे पटत नसेल, तर हाउसबोटीत शिरून पाहा. पुढे ओसरी, तिच्या पायऱ्या थेट पाण्यात. आत बैठकीची खोली, तिच्यामागे जेवणाची, मग छोटं कोठार, आणि तिथून एका कडेनं जाणारा अरुंद बोळ. बोळाच्या एकाच बाजूला ओळीनं झोपायच्या खोल्या. जमिनीवर घर बांधणारा कुणी असं आगगाडीच्या डब्यासारखं घर बांधणार नाही. पण डुंगा लांब आणि अरुंद, म्हणून हाउसबोटही तशीच. लांबी ऐंशीपासून सव्वाशे फुटांपर्यंत गेली, रुंदी दहा-वीस फुटांवर अडली. तळ आजही सपाट, इंजिन नाही, शीड नाही. लाकूड देवदाराचं, कारण त्यातल्या तेलामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही. आता मान वर करा. छताला लाकडाचे लहान लहान भौमितिक तुकडे एकमेकांत खाचेनं बसवलेले दिसतील. हे खतमबंद काम, याला खिळा लागत नाही. हे काश्मिरातल्या दर्ग्यांचं आणि हवेल्यांचं छत. त्याखाली अक्रोडाच्या लाकडाची कोरीव टेबलं, लोकरी भरतकामाचे पडदे, काचेचं कपाट, त्यात चहाचे कप: हा सगळा राणी व्हिक्टोरियाच्या काळातला दिवाणखाना. तळ हांजीचा, छत काश्मिरी सुताराचं, आणि मधलं सामान साहेबाच्या हौसेचं.

या वंशावळीचा पक्का पुरावा मात्र बोटीच्या मागे बांधलेला असतो. जुन्या पद्धतीच्या हाउसबोटीला एक साधी नाव जोडलेली असते. स्वयंपाक तिच्यात, मालकाचं कुटुंब तिच्यात. साहेबाच्या नाकाला चुलीचा धूर लागू नये म्हणून बिऱ्हाड मागे सरकलं, आणि ज्याच्यातून हाउसबोट निघाली तो डुंगाच तिची रांधणाऱ्यांची खोली झाला. आपल्या पुढ्यात येणारा कहवा आणि रोगनजोश अजूनही बऱ्याच ठिकाणी तिथूनच येतो. पर्यटक सहसा तिकडे फिरकत नाहीत.

पुढचं सगळं भराभर घडलं. झेलमच्या खोऱ्यातला गाडीरस्ता १८९०च्या सुमाराला बारामुल्ल्यापर्यंत आणि १८९७मध्ये श्रीनगरपर्यंत आला. माल हळूहळू नावांवरून उतरून चाकांवर गेला, पण तोच रस्ता पाहुणेही घेऊन आला, त्यामुळे हांजीचा धंदा बुडाला नाही, बदलला. सुरुवातीच्या हाउसबोटी खरोखर फिरायच्या: वाशांनी रेटत, दोरांनी ओढत वुलर, मानसबल, गांदरबलपर्यंत. जसजशा त्या रुंद, उंच आणि कोरीव होत गेल्या, तसतशा पुलांखालून जाईनाशा झाल्या. मग वीज आली, नळ आले. नाव जागेवर खिळली. आज दल आणि नगीन सरोवरांत दिसणाऱ्या बोटी कधीकाळी चालत होत्या हे सांगावं लागतं.

१९४७ला साहेब गेला. त्याच्या जागी आपण आलो, आणि आपल्याला तिथे पाठवलं हिंदी सिनेमानं. ‘कश्मीर की कली’ १९६४चा, ‘जब जब फूल खिले’ १९६५चा. दुसऱ्यात तर शशी कपूर स्वतःच हाउसबोटीचा मालक होता. १९६६मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला आला, तोही दलवरच्या हाउसबोटीत राहिला. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाची मधुचंद्राची कल्पना जी माथेरानच्या पुढे सरकली ती या दिवसांत. बोटींच्या पाट्यांवरची नावं मात्र राणीची, राजकन्येची, राजवाड्याचीच राहिली.

इथे केरळचं नाव निघणारच. तिथली हाउसबोट वेगळ्या कुळातली. ती केट्टुवळ्ळम, म्हणजे फळ्या काथ्यानं शिवून बांधलेली भाताची मालवाहू नाव. रस्त्यांनी तिचं काम हिरावून घेतलं, आणि मग १९९०च्या दशकात तिला पर्यटनात नोकरी लागली. तारकर्लीला कर्लीच्या खाडीत आपल्याकडे जी हाउसबोट आली ती या केरळी शाखेची. ती फिरते. काश्मिरी बोट जागची हलत नाही. तुलना करून नाक मुरडण्यात अर्थ नाही.

१९८९नंतरच्या दहशतवादाच्या वर्षांत काश्मिरातले पाहुणे आटले, आणि पाहुणा नसला की बोटीची निगा राहत नाही. देवदाराची बोट दर काही वर्षांनी दुरुस्त करावी लागते. फळ्या बदलल्या नाहीत तर ती बसल्या जागी बुडते. त्यात सरोवर घाण होतं म्हणून नव्या हाउसबोटी बांधायला बंदी आली आणि दुरुस्तीलाही परवानगी लागू लागली. बोटींचं सांडपाणी पाण्यात जात होतं हे नाकारता येत नाही. पण शहराच्या नाल्यांचं पाणी त्याहून कितीतरी अधिक, आणि बोल लावायला हांजी सोपा, हेही तितकंच खरं. देवदार महागला, अशा बोटी बांधणारे सुतार थोडे उरले. सप्टेंबर २०१४च्या महापुरात श्रीनगर बुडालं, तेव्हा अडकलेल्यांना काढायला याच हांजींचे शिकारे गल्ल्यांतून फिरले. नोव्हेंबर २०२३मध्ये दलवर आग लागून पाच हाउसबोटी जळाल्या आणि तीन बांगलादेशी पर्यटक दगावले. कोरडं देवदार पेटायला किती वेळ लागणार? एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानं तर महाराष्ट्रातली सहा माणसं नेली, आणि त्यानंतर कितीतरी बुकिंगं रद्द झाली.

आज उरलेल्या हाउसबोटी हजाराच्या आत आहेत. जी जाते तिच्या जागी नवी येणं जवळपास अशक्य.

म्हणून जाणाऱ्यांना एक विनंती. आपल्या सहलींत हाउसबोटीला बहुधा एकच रात्र असते: संध्याकाळी सामान चढवा, फोटो काढा, सकाळी नाश्ता करून गुलमर्गच्या गाडीत बसा. तेवढ्यात काहीच कळत नाही. निदान दोन रात्री राहा, पहाटे उठून भाजीबाजाराला होडीनं जा, आणि मालकाच्या परवानगीनं मागच्या नावेत डोकावून या. हाउसबोटीचं मूळ घर तेच आहे.