वीजपंपाची मोटार घुमते, पण उचलत का नाही?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील ऊस व भाजीपाला भीमा, घोड, मुळा-मुठा, कालवे आणि विहिरी यांच्या पाण्यावर पिकतो. हे पाणी शेतापर्यंत नेते ती विजेची मोटार. ऐन उन्हाळ्यात ती नुसती घुमू लागली आणि फिरेनाशी झाली, तर पाण्याची पाळी हुकते आणि रिवाइंडिंगचा खर्चही अंगावर पडतो. मात्र अनेकदा दोष मोटारीत नसतोच.

आधी बंद, मग तपासणी

थांबलेली मोटार सुरू होताना पूर्ण भाराच्या साधारण पाच ते सात पट विद्युतप्रवाह घेते. वेग आल्यावर तो उतरतो. वेगच आला नाही, तर वाइंडिंग झपाट्याने तापून जळते. म्हणून घुमण्याचा आवाज येताच मोटार तत्काळ बंद करावी. पुन:पुन्हा बटण दाबून पाहणे हेच मोटार जळण्याचे मोठे कारण ठरते.

फेज आणि दाब

थ्री-फेज मोटारीचा एक फेज गेला असेल, तर ती जागची हलत नाही. रोहित्रावरील (डीपी) फ्यूज उडणे, स्टार्टरचे संपर्क झिजणे किंवा केबलचा जोड सुटणे ही त्याची नेहमीची कारणे. चालू मोटारीचा फेज गेल्यास ती फिरत राहते, पण उरलेल्या दोन फेजवर भार वाढून जळते. यासाठी स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर असणे हितावह. डीपीतील फ्यूज मात्र स्वतः टाकू नये, ते काम लाइनमनचेच आहे.

तिन्ही फेज असूनही दाब कमी असू शकतो. मोटारीचा सुरुवातीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 415 व्होल्टऐवजी 300 व्होल्ट मिळाले, तर हा जोर जवळपास निम्म्यावर येतो.

पंप अडकला असेल तर

दाब व फेज ठीक असतील, तर मुख्य स्विच बंद करून आणि फ्यूज काढून पंपाचा शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो अडत असेल, तर इंपेलरमधील वाळू-गाळ, खराब बेअरिंग किंवा जास्त आवळलेले ग्लँड यांचा संशय घ्यावा. पुरानंतर नदीकाठच्या पंपांत गाळ हमखास आढळतो. शाफ्ट सहज फिरत असेल, तर वाइंडिंग तपासून घ्यावे. सबमर्सिबल पंपाची तपासणी जाणकार मेकॅनिककडूनच करावी.

शहरांतील घरगुती सिंगल-फेज पंप घुमून थांबत असेल, तर बहुधा कपॅसिटर निकामी झालेला असतो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो. त्यामुळे त्याला थेट हात लावू नये.

ऑटो स्विचचा फास

शेतीला थ्री-फेज वीज ठरावीक तासांत, पाळीने मिळते. ही पाळी रात्रीची असली की अंधारात विहिरीवर जावे लागते. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि तेथे बिबट्याची भीती खरी आहे. 2025 मध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत जीव गेले. साहजिकच वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच अनेकांना सोयीचा वाटतो.

परंतु वीज येताच एका रोहित्रावरील सर्व मोटारी एकाच क्षणी जोर मागतात. दाब कोसळतो, एकही मोटार नीट उचलत नाही, फ्यूज उडतात आणि प्रसंगी रोहित्रच जळते. मग सर्वांचेच पाणी बंद होते. म्हणूनच महावितरण ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसविण्याचे आवाहन वारंवार करते. योग्य क्षमतेच्या कपॅसिटरमुळे वाहिनीवरील प्रवाह घटतो आणि दाब सुधारतो. रात्री विहिरीवर जाणे टाळायचेच असेल, तर प्रत्येकाने काही मिनिटांच्या फरकाने लावलेला टायमर वापरणे हा मधला मार्ग आहे.

शेतीला दिवसा वीज मिळावी, यासाठी राज्यात 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. दिवसाची वीज मिळाली, की रात्री विहिरीवर जाण्याची वेळ येत नाही आणि ऑटो स्विचची गरजही उरत नाही. तोपर्यंत एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी मोटारी सुरू करण्याच्या वेळा आपसांत ठरवून घेणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.