विजेची गिटार आणि मींडेचा ध्यास

२०१९ सालच्या जून महिन्यात न्यूयॉर्क शहरी क्रिस्टीज या लिलावगृहात एक काळी गिटार विकावयास निघाली. पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदातील डेव्हिड गिल्मर यांनी ती १९७० साली त्याच शहरातील एका दुकानातून घेतली होती. तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. ती रक्कम गिल्मर यांनी हवामानबदलाविरुद्ध कायदेशीर लढा देणाऱ्या एका संस्थेस देऊन टाकली. पण मला विशेष वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. जुन्या वस्तूंचा शौकीन 'मूळचे भाग' या दोन शब्दांवर जीव टाकतो. या गिटारीची तर मान एकाहून अधिक वेळा बदललेली, आतली विजेची यंत्रणा बदललेली. आणि तिचे लाकूड कोरून तीत दुसऱ्याच जातीची दांडी एकदा बसविली होती व पुढे ती काढून पहिल्या जातीची पुन्हा लावली होती.

ही दांडी म्हणजे माझा आजचा विषय. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर नावाच्या गिटारीच्या घोडीला एक बारीक पोलादी दांडी असते. ती दाबली की सहाही तारांचा सूर खाली झुकतो, सोडली की तो जागेवर येतो. निदान यावा अशी अपेक्षा असते. झुकविणे सोपे आणि परत आणणे कठीण, आणि गेल्या नव्वदएक वर्षांत जी कारागिरी खर्ची पडली ती बहुतेक या परतीच्या वाटेवर.

मुळात अशा दांडीची गरज का पडावी? आपल्याकडील श्रोत्यांस हे समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. मींड म्हणजे काय हे आपणांस ठाऊक आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट गळा चालून जातो. पेटीला ते साधत नाही, तिला पायरीवरून पायरीवर उडी मारावी लागते. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवले होते. गिटारीची अडचण पेटीच्याच जातीची. तिचे पडदे मानेत पक्के ठोकलेले असतात. दोन पडद्यांच्या मध्ये बोट कोठेही ठेवा, सूर एकच निघणार. तार आडवी ओढून सतारिये मींड काढतात तशी ती गिटारीवरही काढता येते, पण पूर्वी गिटारीच्या तारा जाड असत आणि बोटांना त्या फारशा दाद देत नसत. शिवाय ओढलेली तार चढते, उतरत नाही. सूर खाली न्यावयाचा तर तार सैल केली पाहिजे, आणि ते बोटाच्या हातचे नाही.

यातून पहिली वाट काढली ती हवाई बेटांनी. तेथील जोसेफ केकुकू या वादकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादाचा तुकडा फिरविण्याची रीत रूढ केली असे मानतात. पोलाद तारेवरून घसरते, पडद्यांचा प्रश्नच उरत नाही. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात हवाईयन संगीत गाजले व अमेरिकेला त्याचे वेड लागले. १९३२ साली बाजारात आलेली रिकनबॅकर कंपनीची विजेची गिटार हवाई पद्धतीचीच होती. ती ॲल्युमिनियमची होती आणि तळणीच्या तव्यासारखी दिसे, म्हणून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. याच हवाईयन गिटारीवर पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी आपले राग वाजविले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. मींडेच्या ओढीने एकच वाद्य दोन टोकांच्या देशांत रुजले, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते.

इकडे उभ्या धरलेल्या साध्या गिटारीचे वादक मात्र हवाईयन मंडळींकडे हेव्याने पाहात राहिले. त्यांच्यासाठी डॉक कॉफमन या खटपट्या गृहस्थाने 'व्हायब्रोला' नावाची दांडी काढली. १९३२ साली तिचे पेटंट त्याला मिळाले. ती हलविली की सूर डोले, पण डोलून झाल्यावर मूळ जागी येईलच अशी खात्री नसे. १९३७ च्या सुमारास याच कॉफमनच्या कल्पनेने रिकनबॅकरने एक गिटार काढली, तीत घोडी हलविण्यासाठी चक्क विजेची मोटर बसविली होती. तिचे वजन इतके झाले की तिला उभे राहावयास स्टँड द्यावा लागे! पुढे मर्ल ट्रॅव्हिस या नामांकित वादकाने आपल्या गिटारीवरील हट्टी व्हायब्रोला पॉल बिग्सबी या मोटरसायकलींच्या कारखान्यात काम केलेल्या कारागिराकडे दुरुस्तीस नेली. ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती. बिग्सबीने स्वतःचीच नवी दांडी घडविली. ती आजही बनते आणि तिचा झोका फार गोड आहे. मात्र तो लहान आहे.

आता लिओ फेंडरकडे येऊ. हा मनुष्य कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. गिटार वाजविणे त्याला कधीच आले नाही. १९४५ साली त्याने भागीदारीत हवाईयन गिटारी बनविण्यास आरंभ केला, आणि त्याचा भागीदार कोण, तर हाच डॉक कॉफमन. वर्षभरात कॉफमन बाहेर पडला. पण सूर झुकविण्याचा प्रश्न लिओने त्याच्याजवळच पाहिला असला पाहिजे असे मला वाटते. १९५० साली लिओने भरीव लाकडाची साधी, मजबूत गिटार काढली. तिचेच नाव पुढे टेलिकास्टर झाले. तिला दांडी नव्हती. बिल कार्सन, रेक्स गॅलियन असे वादक कारखान्यात येत, गिटारीची कड बरगडीला टोचते, अमुक तार नीट लागत नाही, अशा तक्रारी सांगत, आणि हा न वाजविणारा मनुष्य ते सगळे ऐकून घेई. १९५३ साली त्याच्याकडे फ्रेडी टॅव्हारेस दाखल झाला. तो हवाई बेटांत जन्मलेला, हवाईयन गिटारीचा पट्टीचा वादक. नव्या गिटारीची बाह्याकृती कागदावर उतरविली ती त्याने.

नव्या गिटारीसाठी केलेली पहिली दांडी फसली. घोडी हलकी होती. तार छेडली की नाद पोकळ निघे व लगेच विरे. तयार केलेली साधने मोडीत काढावी लागली. दुसऱ्या खेपेस लिओने घोडी व तारांचे मागचे टोक एकाच तबकडीत आणले आणि तबकडीखाली पोलादाचा जाड ठोकळा जोडला. ठोकळा लाकडातील पोकळीतून पाठीमागे उतरतो. तेथे त्याला स्प्रिंगा ओढून धरतात. तबकडीची पुढची कड सहा स्क्रूंवर टेकून डुलते. सहा तारा व त्यांच्या सहा टेकण्या एकदम हलतात म्हणून नाव 'सिंक्रोनाइज्ड', आणि पुढे 'ट्रेमोलो'. हा दुसरा शब्द चुकीचा आहे. नाद लहानमोठा होणे म्हणजे ट्रेमोलो. सुराची उंची हलणे ते व्हायब्राटो. लिओने हलत्या सुराच्या दांडीला ट्रेमोलो म्हटले आणि आपल्या ध्वनिवर्धकांतील लहानमोठ्या होणाऱ्या नादाला व्हायब्राटो! जगाने दोन्ही चुका पदरात घेतल्या. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली; दांडीसह किंमत २४९ डॉलर ५० सेंट, दांडीशिवाय वीस डॉलर कमी. दांडीचे पेटंट १९५६ साली मिळाले. घोडीवर एक चकचकीत झाकण येई. ते हाताला अडते म्हणून वादकांनी काढले आणि त्याचा सिगारेटची राख झाडण्यास उपयोग केला.

इंग्लंडात ही गिटार पोहोचली १९५९ साली. क्लिफ रिचर्ड या गायकाने (हा जन्माने आपल्या लखनौचा) आपला साथीदार हँक मार्व्हिन याच्यासाठी ती अमेरिकेहून मागविली. १९६० साली मार्व्हिनच्या 'अपाचे' या धूनेत दांडीचा तो हलका हेलकावा घरोघर ऐकू गेला, आणि तेथील कित्येक पोरांनी त्याच रंगाच्या गिटारीची छायाचित्रे कापून जपून ठेवली असतील.

आता ही दांडी लावायची कशी, ते सांगतो. कारण शौकीन मंडळी गिटारीवर लाखो खर्चतात आणि येथे थकतात. तराजू डोळ्यांपुढे आणा. एका बाजूने सहा तारा ओढतात. जाडीप्रमाणे त्यांची एकूण ओढ सुमारे ४० ते ४७ किलो असते. दुसऱ्या बाजूने पाठीमागच्या तीन, चार किंवा पाच स्प्रिंगा ओढतात. दोन्ही ओढी सारख्या झाल्या म्हणजे तबकडी तरंगत राहते. तिच्या मागच्या कडेखाली सुमारे ३ मिलिमीटर फट असावी असे कारखान्याचे माप आहे. म्हणजे सूर थोडा वरही नेता येतो. नवशिक्या काय करतो? पहिली तार चढवितो. तेवढ्याने तराजू पुढे झुकतो व उरलेल्या पाच उतरतात. त्या चढवाव्या तर पहिली पुन्हा उतरते. तंबोरा लावताना असे होत नाही, म्हणून आपल्या माणसाला हे फार चमत्कारिक वाटते.

उपाय पाचरीचा आहे. तबकडी हव्या त्या उंचीवर धरून ठोकळा व लाकूड यांच्यामध्ये लाकडी पाचर बसवावी, म्हणजे तराजू हलणार नाही. मग सहाही तारा निवांत जुळवाव्या. नंतर पाठीमागे स्प्रिंगा ज्या पंज्याला अडकविलेल्या असतात त्याचे दोन स्क्रू थोडेथोडे आवळावे, पाचर आपोआप ढिली होऊन गळून पडेपर्यंत. त्या क्षणी स्प्रिंगांची ओढ तारांच्या ओढीइतकी झालेली असते. तारांची जाडी बदलली की हा सगळा खटाटोप पुन्हा.

एवढे करूनही सूर परत येत नाही तेव्हा दोष घर्षणाचा असतो. दांडी खाली दाबून सोडावी आणि कान द्यावा. तार चढी राहिली तर ती बहुधा खुंट्यांजवळील नट नावाच्या पट्टीच्या खाचेत अडकत आहे; खाच साफ करून तीत शिसपेन्सिलीची पूड भरावी. उतरलेली राहिली तर खुंटीवरचे वेढे पाहावे, नवी तार हाताने ताणून घेतली होती का ते आठवावे. तबकडीची कड झिजली असेल तर मात्र पेन्सिल उपयोगी नाही. आणि या तरंगत्या घोडीचे एक दुखणे कधीच जात नाही: ऐन मैफलीत एक तार तुटली की स्प्रिंगा जिंकतात व उरलेल्या पाचही चढतात.

म्हणूनच कित्येकांनी दांडीवर पाणी सोडले. एरिक क्लॅप्टन याचे उदाहरण पाहा. १९६६ साली जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेत त्याने गिब्सन कंपनीची लेस पॉल वाजविली. १९५८ ते १९६० या काळातील तांबूसपिवळ्या छटेच्या लेस पॉल दोन हजारांहूनही कमी बनल्या. खप नाही म्हणून कंपनीने तो आकार सोडून दिला होता. क्लॅप्टनच्या वादनानंतर शौकीन त्याच शोधू लागले, आणि १९६८ साली कंपनीला लेस पॉल पुन्हा काढावी लागली. मग १९७० साली क्लॅप्टनने तीन जुन्या स्ट्रॅटोकास्टर मोडून एक जुळविली, आणि दांडीची घोडी लाकडाचा तुकडा ठोकून कायमची बसवून टाकली! सूर स्थिर राहिला, हे खरे. पण तिजोरीला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकण्यातला हा प्रकार आहे.

फेंडरच्या शौकिनांचा मोठा हट्ट १९६५ पूर्वीच्या मालाचा. त्या वर्षी लिओने आपला कारखाना सीबीएस या कंपनीस १ कोटी ३० लाख डॉलरांस विकला, व नंतर कामात काटकसर शिरली असा आक्षेप आहे. तो निराधार नाही. १९७१ च्या सुमारास पोलादी ठोकळ्याच्या जागी ओतीव धातूचा आला, आणि नादाचा फरक जाणकारांस कळतो. परंतु १८ ऑगस्ट १९६९ रोजी सकाळी वुडस्टॉक येथे जिमी हेंड्रिक्सने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजविले, ते १९६८ च्या, म्हणजे विक्रीनंतरच्याच, स्ट्रॅटोकास्टरवर. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. उजव्या हाताची गिटार उलटी धरलेल्या या डावखुऱ्या वादकाने दांडी दाबदाबून राष्ट्रगीताच्या मधोमध बाँब कोसळविले. त्याची प्रत्यक्ष कार्यक्रमांची मुद्रणे ऐकताना मध्येच तारा जुळविल्याचे ऐकू येते. एवढ्या मारानंतर कोणतीच घोडी शुद्धीवर राहात नाही.

त्यावर कडेलोटाचा उपाय फ्लॉइड रोझ याने केला. तो वादक होता आणि दागिने घडवीत असे. त्याने तार दोन्ही टोकांना घट्ट आवळून टाकली, म्हणजे सरकावयास वाव उरला नाही. पेटंट १९७९ सालचे. एडी व्हॅन हेलनने ती वापरली आणि पुढील दहा वर्षांत तिची लाट आली. उलट १९५८ च्या जॅझमास्टरला, तिची दांडी फार मऊ असूनही, ज्यांच्यासाठी ती काढली त्या जॅझवाल्यांनी घेतले नाही. ती गहाणवट्याच्या दुकानी स्वस्तात पडून असे. गरीब मुलांनी ती उचलली. १९९१ साली माय ब्लडी व्हॅलेंटाइन या वृंदाच्या 'लव्हलेस'मध्ये केव्हिन शील्ड्सने दांडी हातात धरूनच तारा छेडल्या, आणि आता जॅझमास्टरही महाग आहे.

माझ्या मते दांडीचा खरा गवई जेफ बेक. २०२३ च्या जानेवारीत तो वारला. १९८९ सालची त्याची 'व्हेअर वेअर यू' ही रचना ऐका. बल्गेरियातील स्त्रियांचे समूहगान ऐकून त्याला ती सुचली होती. तारेवर बोट नुसते स्पर्शून तो बारीक घंटेसारखा नाद काढतो, आणि मग त्या एका नादाची सगळी चाल दांडीने वर-खाली नेऊन गातो. नवा आघात क्वचितच. त्याची घोडी तरंगती होती, आणि प्रत्येक सुराची उंची हाताच्या दाबावर तोलून काढावी लागत होती. आपल्याकडे ज्याला गायकी अंग म्हणतात ते त्या पोलादी दांडीतून मला तेथे प्रथम ऐकू आले.