सार्जंट विल्यम लॉरेन्स : रणांगणाकडून ग्रामीण व्यवसायाकडे

इ.स. १८१५ मध्ये नेपोलियनविरुद्धची युद्धे संपली आणि ब्रिटिश लष्करातील हजारो सैनिक सेवामुक्त होऊ लागले. त्यांनी लढलेल्या लढायांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु गणवेश उतरविल्यानंतर या माणसांनी पोट कसे भरले, या प्रश्नाकडे इतिहासकारांनी त्यामानाने कमी लक्ष दिले. चाळिसाव्या पायदळ पलटणीतील सार्जंट विल्यम लॉरेन्स याचे चरित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याचे आत्मकथन १८८६ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, जॉर्ज न्यूजंट बँक्स यांनी संपादित करून प्रसिद्ध केले. लॉरेन्सला स्वतःला लिहिता येत नव्हते. त्याने तोंडी सांगितले व दुसऱ्याने ते लिहून घेतले.

लॉरेन्सचा जन्म १७९१ मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेकडील डॉर्सेट परगण्यात झाला. वडील पूर्वी लहान शेतकरी होते. पुढे त्यांच्यावर मजुरीची पाळी आली. मुलाच्या हाती एखादे कसब असावे म्हणून त्यांनी त्याला समुद्रकाठच्या स्टडलंड या गावी बांधकाम करणाऱ्या एका कारागिराकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवले. मालकाच्या मारहाणीला कंटाळून मुलगा पळाला आणि लष्करात भरती झाला. त्याचे सैनिकी जीवन मुळात एका मोडलेल्या उमेदवारीतून सुरू झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. देशप्रेम वगैरे स्पष्टीकरणे पुष्कळदा मागाहून चिकटविलेली असतात.

त्यानंतरची काही वर्षे दक्षिण अमेरिका, पोर्तुगाल, स्पेन व फ्रान्स येथील मोहिमांत गेली. स्पेनमध्ये पहाऱ्यावर गैरहजर राहिल्याबद्दल त्याला चारशे फटक्यांची शिक्षा झाली व त्यांपैकी १७५ फटके प्रत्यक्ष बसले. एप्रिल १८१२ मध्ये बादाहोस किल्ल्यावरील हल्ल्यात सर्वांत पुढे जाणाऱ्या तुकडीत त्याने स्वेच्छेने नाव दिले आणि तो गंभीर जखमी झाला. असईच्या १८०३ च्या लढाईमुळे मराठी वाचकास परिचित असलेल्या वेलिंग्टनच्या हाताखालीच तो वॉटर्लूलाही लढला. तेथे पलटणीचे निशाण सांभाळण्याचा हुकूम त्याला मिळाला तेव्हा, त्याच्याच सांगण्यानुसार, ते काम करणारे चौदा सार्जंट त्या दिवशी आधीच ठार वा जायबंदी झाले होते.

१८२० च्या सुमारास सेवा संपली, तेव्हा त्याच्यापुढे कोणते मार्ग होते? १५६३ च्या कायद्यानुसार सात वर्षांच्या उमेदवारीशिवाय कारागिरीचा धंदा करता येत नसे. ती अट १८१४ मध्ये रद्द झाली. काही नगरांतील स्थानिक निर्बंध मात्र टिकून होते, आणि १८१६ च्या एका कायद्याने सेवामुक्त सैनिकांना त्यांतूनही सूट दिली. कागदावर दारे उघडली होती. परंतु ज्याला कोणतेही कसब पुरते अवगत नव्हते, त्याला या सवलतीचा उपयोग काय? कायद्याने धंद्याचा हक्क दिला तरी हात शिकविले नाहीत. अशा माणसास थोड्या भांडवलावर व तुटपुंज्या पेन्शनच्या आधारावर चालणारा, उमेदवारीची गरज नसलेला व्यवसायच परवडण्यासारखा होता. लॉरेन्सने स्टडलंड येथेच एक छोटेसे मद्यगृह चालविले. उमेदवारी सोडून जेथून तो पळाला, त्याच गावात तो व्यावसायिक म्हणून स्थिरावला.

या निवडीत पत्नीचा वाटा किती होता, हाही विचारात घेण्यासारखा प्रश्न आहे. पॅरिसजवळील सँ-जर्मँ-आं-ले येथे छावणी असताना त्याने क्लोटिल्ड क्लेरे या तरुणीशी विवाह केला. तिच्या घरच्यांचे बराकीच्या फाटकाजवळ तंबाखू, तपकीर इत्यादी विकण्याचे दुकान होते. सैनिक गिऱ्हाइकांशी व्यवहार करण्याची सवय असलेली ही स्त्री मद्यगृहाच्या कामात केवळ सोबतीण असेल, असे मानणे कठीण आहे. आत्मकथनात मात्र तिच्या श्रमांना फारशी जागा नाही. खुद्द मद्यगृहालाही नाही. सुमारे पंधरा वर्षांच्या नोकरीने जवळजवळ सारा ग्रंथ व्यापला आहे आणि पुढील अर्धशतक अखेरच्या काही पानांत उरकले आहे.

जुन्या मोहिमांत लढलेल्या हयात सैनिकांसाठी सरकारने १८४७ मध्ये पदक मंजूर केले. लॉरेन्सच्या पदकावर दहा लढायांच्या पट्ट्या होत्या. ११ नोव्हेंबर १८६९ रोजी स्टडलंड येथे त्याचे निधन झाले. त्याच्या थडग्यावरील शिळेवर या दहाही लढाया कोरल्या आहेत. दक्षिण अमेरिकेतील युद्धाचे वर्ष तेथे १८०५ असे दिले आहे, वास्तविक ती मोहीम १८०६-०७ मधील होय व मॉन्टेव्हिडिओ फेब्रुवारी १८०७ मध्ये पडले. फटक्यांचा उल्लेख नाही, हे स्वाभाविकच. पण गावाने ज्या धंद्यामुळे त्याला रोज पाहिले, त्याचाही उल्लेख नाही. शिळेच्या मागील बाजूस २६ सप्टेंबर १८५३ रोजी निवर्तलेल्या क्लोटिल्डचे नाव, जन्मस्थान आणि तिच्या आत्म्यासाठी प्रार्थनेची विनंती आहे, आणि तो मजकूर फ्रेंच भाषेत आहे.